परदेशी कॅमेऱ्यांची खरेदी आणि मराठी चित्रपटाचा प्रारंभ

मराठी चित्रपटाच्या आरंभकाळाची चर्चा बहुधा ‘पहिला कोण’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. त्यामुळे दुसरा, तितकाच महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. ज्या यंत्रावाचून चित्रपट संभवत नाही ते यंत्र या मंडळींच्या हाती आले कसे? कॅमेरा व त्याचे भिंग या देशात तयार होत नव्हते. विक्रेता समुद्रापलीकडे, माल न पाहिलेला आणि बिघाड झाल्यास दाद मागण्याची सोय नाही, अशा स्थितीत खरेदी करावी लागे. या अडचणीतून प्रत्येकाने कोणता मार्ग काढला, यावर त्याच्या कार्याचे स्वरूप बऱ्याच अंशी ठरले असे दिसून येते.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी तो पाहिला आणि पुढे इंग्लंडहून २१ गिनींना एक कॅमेरा मागविला. त्या वेळच्या विनिमयदराने ही रक्कम सुमारे ३३० रुपये होते. या यंत्राने त्यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे स्वदेशी परतले, तो प्रसंगही त्यांनी टिपला. तथापि कुस्तीची फिल्म धुण्यासाठी लंडनलाच पाठवावी लागली. यंत्र मुंबईत आले, परंतु त्यामागची प्रक्रिया लंडनमध्येच राहिली. घेतलेले चित्र उमटले की नाही, हे कळण्यास आगबोटीच्या दोन खेपा व्हाव्या लागत. चूक त्याच दिवशी ध्यानात येऊन ती सुधारण्याची संधी अशा व्यवस्थेत नव्हती.

सावेदादांनी पुढे या व्यवसायातून अंग काढून घेतले, तेव्हा त्यांची सामग्री करंदीकर, पाटणकर व दिवेकर या मंडळींकडे गेली. वापरलेल्या यंत्राच्या या हस्तांतराकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक जुन्या यंत्राचा एक मोठा लाभ असतो. ते चालते हे सिद्ध झालेले असते आणि ते चालविणारा माणूस त्याच शहरात भेटू शकतो. परदेशाहून येणाऱ्या कोऱ्या यंत्राबरोबर असे ज्ञान येत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी निवडलेला मार्ग याहून वेगळा होता. विमापत्रे तारण ठेवून त्यांनी १०,००० रुपयांचे कर्ज उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते स्वतःच लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांचा सल्ला त्यांना मिळाला. सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रनिर्मितीगृहातील काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन त्यांनी कोडॅकची कोरी फिल्म व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली, आणि १ एप्रिल रोजी ते परतले. ५० पौंड म्हणजे सुमारे ७५० रुपये. कर्जाच्या मानाने कॅमेऱ्याची किंमत अल्प होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मे महिन्यात सामग्री येऊन पोहोचली आणि सोबतच्या आराखड्यावरून फाळके यांनी ती चार दिवसांत जोडली. छिद्रे पाडणे, फिल्म धुणे, मुद्रित करणे ही सर्व कामे घरीच होऊ लागली. त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. त्याच मे महिन्यात प्रदर्शित झालेल्या दादासाहेब तोरणे यांच्या ‘पुंडलिक’ चे चित्रण जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने केले होते. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ चे वेगळेपण केवळ लांबीत वा कथानकात नसून या प्रक्रियेच्या स्वामित्वात आहे.

चौथा मार्ग कोल्हापूरचा. आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी १९१३ च्या सुमारास मुंबईच्या चोरबाजारातून एक जुने प्रक्षेपणयंत्र आणले. यंत्र उघडून पाहणे, त्याचे भाग समजून घेणे, मोडलेला भाग हाताने घडविणे ही या कारागीर घराण्याची रीत होती. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध केला. महायुद्धामुळे परदेशी माल दुर्मिळ झाला होता, ही गोष्टही या उद्योगाचे मोल जोखताना विसरता येत नाही. याच कॅमेऱ्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात प्रदर्शित झाला.

मात्र या स्वदेशी कॅमेऱ्याचीही एक सीमा होती. पेटी, दंतचक्रे, पडदी ही लाकूड व पितळ यांतून घडविता येतात. भिंग तसे घडविता येत नाही. त्यासाठी सर्वत्र एकजिनसी, बुडबुड्यांपासून मुक्त आणि अत्यंत संथपणे निवविलेली काच लागते. अशी काच भारतात कलकत्त्याच्या केंद्रीय काच व मृत्तिकाशिल्प संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास तयार होऊ लागली. म्हणजे चित्रपट स्वदेशी झाल्यावरही जवळजवळ चार दशके त्याच्या दृष्टीला लागणारी काच परदेशीच राहिली.

आज अहिल्यानगर वा संगमनेर येथील छायाचित्रकाराला जपानमधील विक्रेत्याचे वापरलेले भिंग घरबसल्या मागविता येते. किंमत, छायाचित्रे व विक्रेत्याचे वर्णन त्याच्यासमोर असते. परंतु काचांच्या थरांत बुरशीचे तंतू आहेत काय, छिद्रपडदीच्या पात्यांवर तेल उतरले आहे काय, हे भिंग हाती येऊन उजेडासमोर धरल्याशिवाय निश्चित होत नाही. दुरुस्ती जाणणारा कारागीर जवळ असणे आजही तितकेच मोलाचे आहे. सावेदादांची सामग्री ज्यांच्या हाती गेली त्यांना तो लाभ मुंबईतच होता. फाळके यांना त्यासाठी समुद्रप्रवास करावा लागला आणि पेंटर बंधूंनी स्वतःच तो कारागीर होणे पत्करले. ‘पहिला कोण’ या वादाइतकाच या तीन मार्गांचा तौलनिक अभ्यास व्हावयास हवा.