राखीव तेल संपलं तेव्हा: १९७३ च्या संकटाचं एक कारण

तेलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जमिनीतलं तेल संपणार कधी? आज आपण वेगळा प्रश्न घेऊ. जून १९६७ मध्ये अरब देशांनी अमेरिका-ब्रिटनचं तेल रोखलं, पण कुणाचं फारसं अडलं नाही. मग सहाच वर्षांनी तेच हत्यार उपसल्यावर जग का हादरलं?

उत्तरासाठी आपल्याला अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात जावं लागतं. १९३० साली पूर्व टेक्ससमध्ये प्रचंड साठा सापडला. जो तो उपसा करू लागला आणि भाव कोसळले. तेव्हा टेक्सस रेलरोड कमिशन या सरकारी मंडळाने उपशावर बंधनं घातली. नाव रेल्वेचं, काम तेलाचं! विहिरी महिन्यातून किती दिवस चालवायच्या हे मंडळ ठरवी. १९६० च्या दशकाच्या आरंभी हे दिवस आठ-नऊवर आले होते.

हेतू भाव टिकवण्याचा होता. पण त्यातून राखीव क्षमता तयार झाली. गरज पडली की विहिरी जास्त दिवस चालवायच्या, एवढंच. १९६७ साली हीच क्षमता कामी आली. टेक्ससने उपसा वाढवला, व्हेनेझुएला आणि इराणनेही वाढवला, आणि सप्टेंबरपर्यंत बहिष्कार विरून गेला.

मात्र ही शिल्लक आटत चालली होती. शेल कंपनीतले भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांनी १९५६ सालीच सांगितलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरेल. अनेकांनी ते मनावर घेतलं नाही. १९७० साली ते शिखर आलं. मार्च १९७२ मध्ये कमिशनने शंभर टक्के उपशाला परवानगी दिली. म्हणजे राखीव काही उरलं नव्हतं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं आणि अरब देशांनी पुन्हा तेल रोखलं. या वेळी तूट भरून काढायला टेक्सस नव्हतं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप जानेवारी १९७४ मध्ये ११ डॉलर ६५ सेंटवर गेलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात भरपूर होतं, पण पोहरा दुसऱ्याच्या हाती गेला होता.

भारताला तेल नाकारलेलं नव्हतं, पण वाढीव भाव आपल्यालाही चुकला नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल लागलं. १९७६ साली ‘बॉम्बे हाय’चं उत्पादन सुरू झालं. मोठा आधार मिळाला, पण गरज त्याहून वेगाने वाढली. आज आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो.

हबर्ट यांचं भाकीतही कायमचं टिकलं नाही. खडक फोडून तेल काढायच्या तंत्रामुळे २०१८ साली अमेरिकेने १९७० चा आकडा मागे टाकला. पण राखीव क्षमता टेक्ससला परतली नाही. ती आज मुख्यतः सौदी अरेबिया आणि आखातातल्या त्याच्या शेजाऱ्यांकडे आहे, आणि तिथलं बरंचसं तेल होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतं. म्हणून तेल किती वर्षं पुरेल हे विचारताना आपण आणखी एक गोष्ट विचारायला हवी: उद्या कुणी रोखलं, तर जास्तीचं काढून देणारा कोण आहे?