तिसऱ्याची मतं

ऑफिसला जाताना मी रोज गिरगावातल्या जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून जातो. रोजच्या रस्त्याच्या नावाकडे कोण बघतं? मी बघितलं ते चिंतामणराव देशमुखांबद्दल वाचताना. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि याच शंकरशेटांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, मग अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायचं घाटत होतं, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली होती, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडलं. आमच्याकडे देशमुख म्हटलं की हा राजीनामा. त्यांचं १९६९ मात्र कुणी काढत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असताना वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींनी मात्र सदसद्विवेकाला स्मरून मत द्या म्हटलं, म्हणजे अपक्ष व्ही. व्ही. गिरींना द्या. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचे उमेदवार होते देशमुख.

फ्रान्समध्ये कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर लोक दोन आठवड्यांनी पुन्हा रांगेत उभे राहतात. आपल्याकडे राष्ट्रपती निवडताना खासदार-आमदार एकाच मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात आणि पुढच्या फेऱ्या मोजणीच्या टेबलावरच होतात. सगळ्यात मागचा बाद, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे. आमच्या भाषेत साधा लूप.

जिंकायला ४,१८,१६९ हवे होते. (हे मतांचं मूल्य, आमदाराच्या मताचं वजन राज्याच्या लोकसंख्येवर ठरतं.) पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. गिरींना १६,६५४ कमी पडले, रेड्डींना लाखाच्या वर. म्हणूनच रेड्डींच्या गोटानं देशमुखांच्या पक्षांकडे दुसरी पसंती आधीच मागून ठेवली होती. इंदिरा गांधींच्या बाजूनं यावरच रान उठवलं.

किरकोळ उमेदवार बाद झाले, शेवटी देशमुखही. त्या सगळ्यांकडून रेड्डींना ९१,८७९ मिळाले, गिरींना जेमतेम १८,५६२. पाचपट मिळवूनही रेड्डी ४,०५,४२७ वर अडकले, गिरी ४,२०,०७७ वर पोचले. मी ही वजाबाकी एक्सेलमध्ये दोनदा केली. फरक १४,६५०. म्हणजे त्यातले ७,३२६ इकडचे तिकडे झाले असते तर राष्ट्रपती वेगळा असता. नोव्हेंबरात काँग्रेस फुटली.

आजोबांना विचारलं. राजीनामा त्यांना तारीखवार पाठ. राष्ट्रपतिपदाच्या त्या निवडणुकीबद्दल म्हणाले, "गिरी आले ना रे तेव्हा? देशमुख उभे होते?"