विषम कारकीर्दीचे मूल्यमापन : बॉब डिलनच्या उपेक्षित ध्वनिमुद्रिका

दीर्घकाळ निर्मिती करणाऱ्या कलावंताचा इतिहास लिहिताना समीक्षेला 'ऱ्हास' आणि 'पुनरागमन' या दोन संकल्पनांचा मोह सहसा आवरत नाही. बॉब डिलन या अमेरिकन गीतकार-गायकाच्या बाबतीत हा आराखडा जवळजवळ रूढच झाला आहे. १९६५-६६ मधील तीन अल्बम हे शिखर, १९७५ चा 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' हे दुसरे शिखर, १९८० चे दशक ही दरी आणि १९९७ चा 'टाइम आउट ऑफ माइंड' हे पुनरागमन, अशी ती मांडणी आहे. २०१६ मध्ये डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर ही मांडणी केवळ संगीतसमीक्षेपुरती राहिलेली नाही. म्हणूनच त्या दरीत नेमके काय आहे आणि तिचे माप कोणत्या एककाने घेतले गेले, हे पाहणे आवश्यक ठरते.

हे एकक म्हणजे अल्बम. ग्रंथाप्रमाणे तोही एक पूर्ण, लेखकाने संमत केलेली संहिता आहे, असे गृहीत धरले जाते. डिलनच्या कार्यपद्धतीला हे गृहीतक पुरेसे लागू पडत नाही. ध्वनिमुद्रण म्हणजे गीताचा एका दिवशीचा प्रयोग, अशीच त्याची धारणा दिसते. तेच गीत पुढे मंचावर वेगळ्या लयीत आणि कित्येकदा वेगळ्या शब्दांत अवतरते. अशा गीतकाराच्या अल्बममधील अपयश हे कधी रचनेचे असते, कधी सादरीकरणाचे, तर कधी केवळ निवडीचे. या तिहींमध्ये भेद न केल्यामुळे 'विषम' हे विशेषण सरसकट वापरले गेले.

१९७० चा 'सेल्फ पोर्ट्रेट' हे पहिले उदाहरण. चोवीस गीतांच्या या दुहेरी अल्बममध्ये परक्या गीतांचा भरणा होता. पहिल्याच गीतात डिलनचा आवाज नव्हता, केवळ स्त्रियांचे समूहगान होते. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकात ग्रील मार्कस या समीक्षकाने त्यावर केलेली कठोर टीका दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. २०१३ मध्ये 'अनदर सेल्फ पोर्ट्रेट' या संग्रहातून त्या काळातील मुद्रणे, काही ठिकाणी नंतर चढवलेला वाद्यमेळ वगळून, प्रकाशात आली. पारंपरिक गीतांशी डिलनचे असलेले जिव्हाळ्याचे नाते त्यांतून स्पष्ट झाले. या संग्रहासोबतचे टिपण मार्कसनेच लिहिले, ही गोष्ट अभिरुचीच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. मात्र यामुळे मूळ अल्बम निर्दोष ठरत नाही. त्यातील दोष गायनापेक्षा संपादनात अधिक होता, एवढेच सिद्ध होते.

दुसरा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. १९७९ ते १९८१ या काळात डिलनने ख्रिस्ती श्रद्धेने भारलेले तीन अल्बम काढले. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या चौदा कार्यक्रमांत त्याने जुने एकही गीत गाण्याचे टाळले. प्रश्नांकित मनाचा कवी एकाएकी उत्तरे सांगू लागला, याचा रोष समीक्षेत उतरला. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. 'सेव्हड' (१९८०) मधील काही रचनांत निवाड्याने अनुभवाची जागा घेतली आहे. परंतु श्रद्धेविषयीची नापसंती आणि रचनेविषयीची नापसंती यांची येथे सरमिसळ झाली. 'शॉट ऑफ लव्ह' (१९८१) च्या अखेरचे 'एव्हरी ग्रेन ऑफ सँड' हे गीत संशय आणि शरणागती यांना एकाच श्वासात सामावून घेते. २०१७ मध्ये 'ट्रबल नो मोअर' या संग्रहातून आलेली त्या काळातील मैफलींची मुद्रणे स्टुडिओतील मुद्रणांपेक्षा कितीतरी ऊर्जस्वल आहेत.

तिसरा प्रश्न निवडीचा. १९८३ च्या 'इन्फिडेल्स'मधून डिलनने 'ब्लाइंड विली मॅक्टेल' हे गीत वगळले. गुलामगिरीचा इतिहास आणि ब्लूजची परंपरा यांना एकत्र आणणारे हे गीत १९९१ पर्यंत अधिकृतपणे प्रकाशित झाले नाही. आज त्याची गणना त्याच्या श्रेष्ठ रचनांत होते. याउलट 'नॉक्ड आउट लोडेड' (१९८६) या विस्कळीत अल्बममध्ये सॅम शेपर्ड या नाटककारासह लिहिलेले 'ब्राउन्सव्हिल गर्ल' हे अकरा मिनिटांचे कथनगीत आहे. जुन्या चित्रपटाची आठवण आणि आयुष्याची आठवण यांची सरमिसळ करणारे हे गीत १९८४ मध्येच वेगळ्या नावाने मुद्रित झाले होते. म्हणजे ज्या दशकाला निर्मितीचा दुष्काळ म्हटले गेले, त्यात दुष्काळ रचनेचा नव्हता. स्वतःच्या रचनेविषयीचा विश्वास मात्र डळमळीत झाला होता.

या पुनर्मूल्यांकनालाही मर्यादा आहेत. अप्रकाशित मुद्रणांच्या आधारे प्रत्येक फसलेला अल्बम सावरता येत नाही. 'डाउन इन द ग्रूव्ह' (१९८८) हा बव्हंशी शिथिलच राहतो. शिवाय हे संग्रह ध्वनिमुद्रिका कंपनीने निवडून प्रसिद्ध केलेले असतात. त्यांना निरपेक्ष पुरावा मानणे भाबडेपणाचे ठरेल. 'मूळ' आणि 'शुद्ध' संहिता सापडल्याचा आनंद मानणे हा तर जुन्या गृहीतकाकडेच परतण्याचा मार्ग होय.

तरीही एक गोष्ट निश्चित होते. १९९२ आणि १९९३ मध्ये डिलनने केवळ गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन जुन्या गीतांचे दोन अल्बम काढले आणि त्यानंतर 'टाइम आउट ऑफ माइंड' आला. 'सेल्फ पोर्ट्रेट'मध्ये जी परक्या गीतांची ओढ दोष ठरली होती, तीच येथे उत्तरकालीन काव्याची पायाभरणी झाली. गीते ही कागदावर वाचण्यासाठी नसून गायिली जाण्यासाठी असतात, असे डिलनने २०१७ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात प्रतिपादन केले. हे मान्य केले, तर छापील गीतसंग्रह आणि निवडक शिखरे यांवर उभारलेला त्याचा वाङ्मयीन इतिहास अपुरा ठरतो. त्या इतिहासात फसलेल्या प्रयोगांना जागा द्यावी लागेल. ती सहानुभूती म्हणून नव्हे, तर यशस्वी रचना कोणत्या वाटेने सिद्ध झाल्या हे त्यांच्यावाचून कळत नाही म्हणून.