शीतयुद्ध आणि वर्ध्याहून निघालेल्या दोन वाटा

शीतयुद्धाचा इतिहास म्हटला की बर्लिनची भिंत, क्युबातील क्षेपणास्त्रे आणि व्हिएतनामची जंगले आठवतात. वर्धा जिल्ह्याचे नाव त्या यादीत कोणी घेत नाही. सेलू तालुक्यातील हिंगणीसारख्या गावाचे तर नाहीच नाही. बोर नदीच्या खोऱ्यातल्या या गावाला वॉशिंग्टन काय किंवा मॉस्को काय, सारखीच परकी. तरीही त्या संघर्षाच्या मुळाशी असलेला प्रश्न फार थोड्या ठिकाणी इतक्या उघडपणे विचारला गेला असेल, जितका तो या परिसरात विचारला गेला. जमीन कोणाची, धान्य कोणाचे आणि हे ठरवणार कोण, हा तो प्रश्न. १९५१ हे एकच वर्ष डोळ्यांपुढे ठेवले तरी आमच्या म्हणण्याचा अर्थ ध्यानात येईल.

त्या वर्षाच्या आरंभी भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे चार नेते गुप्तपणे मॉस्कोला गेले. त्यांत एक मराठी माणूस होता, श्रीपाद अमृत डांगे. तेलंगणात १९४६ पासून धुमसत असलेला सशस्त्र शेतकरी लढा पुढे चालवावा की नाही, यावर पक्षात तीव्र मतभेद होते आणि तो पेच थेट स्टालिनपुढे गेला. भारतात सशस्त्र क्रांतीची वेळ आलेली नाही, असा सल्ला घेऊन मंडळी परतली. ऑक्टोबरमध्ये तेलंगणाचा लढा मागे घेण्यात आला. नलगोंड्याच्या शेतमजुराने बंदूक ठेवावी की उचलावी, याची चर्चा हजारो मैलांवर व्हावी, हे त्या काळाचे लक्षणच म्हटले पाहिजे.

याच तेलंगणाकडे मार्च १९५१ मध्ये वर्ध्याजवळच्या पवनारहून विनोबा भावे पायी निघाले. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. ते आटोपल्यावर हैदराबादच्या तुरुंगात कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेऊन विनोबा अशांत भागात शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत तेथील दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाचा उगम तो हा. सप्टेंबरमध्ये विनोबा पवनारहून पुन्हा निघाले, या वेळी दिल्लीकडे. आणि मग कित्येक वर्षे ते चालतच राहिले.

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये भारताच्या भुकेवर वाद चालू होता. अन्नटंचाईने गांजलेल्या भारताने वीस लाख टन धान्य मागितले होते. परंतु कोरियाच्या युद्धात नेहरू अमेरिकेच्या मागे उभे राहत नव्हते. चीनला आक्रमक ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले होते. तेव्हा अशा देशाला गहू का द्यावा, असे तेथील लोकप्रतिनिधी विचारू लागले. अखेर जूनमध्ये १९ कोटी डॉलर्सचे कर्ज म्हणून ते धान्य मंजूर झाले. पुढे १९५४ मध्ये 'पी. एल. ४८०' हा कायदा आला आणि परदेशी धान्याची ही वाट रुळली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना या परावलंबनाची चव वेगळी सांगायला नको.

अशा वातावरणात विनोबांची पदयात्रा अमेरिकेला न दिसती तरच नवल. ऑक्टोबर १९५१ मध्ये राजदूत म्हणून आलेल्या चेस्टर बोल्स यांनी भूदानाचे कौतुक केले. मे १९५३ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर विनोबा झळकले. पण हे कौतुक बरेचसे साम्यवादाला मिळालेल्या उताऱ्याचे होते. भूमिहीनाच्या हक्काचे काय, हा विनोबांचा मूळ प्रश्न त्यात बाजूला पडला. इकडे डाव्यांनीही भूदानाकडे जमीनदारांची ढाल म्हणूनच पाहिले. म्हणजे स्तुती करणारे आणि निंदा करणारे, दोघांच्याही हाती एकच तराजू होता.

त्याच तराजूत दुसऱ्या पारड्यात पडले जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा तमिळ ख्रिस्ती माणूस १९३४ पासून वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहत होता. त्यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीने १९४९ मध्ये जमीनधारणेवर मर्यादा घालण्याची शिफारस केली होती. पुढे त्यांनी सेलडोहला 'पन्नई आश्रम' काढून शेतीचे प्रयोग आरंभले. सेलडोह आणि हिंगणी ही एकाच सेलू तालुक्यातली गावे.

१९५१ च्या शरद ऋतूत कुमारप्पा सदिच्छा मंडळाबरोबर चीनला गेले, पुढच्या वर्षी आर्थिक परिषदेसाठी मॉस्कोला. चीनमधील जमिनीचे वाटप पाहून ते प्रभावित झाले आणि तसे त्यांनी लिहिले. झाले! ज्याने आयुष्यभर घाणी, चरखा आणि हातकागद यांचे अर्थशास्त्र मांडले, त्याच्याकडे 'लाल' म्हणून संशयाने पाहिले जाऊ लागले.

वास्तविक कुमारप्पांची मांडणी दोन्ही गोटांना अडचणीची होती. भांडवलशाही आणि साम्यवाद यांत मालक बदलतो, पण उत्पादनाचे केंद्रीकरण दोघांनाही हवेच असते, असे ते म्हणत. कोळसा आणि खनिज तेल हे साठे मर्यादित. त्यांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था त्या साठ्यांच्या मालकीसाठी लढाया करणारच. याउलट लाकूड, धान्य, पशुबळ यांसारख्या पुन्हापुन्हा निर्माण होणाऱ्या प्रवाहावर बेतलेली अर्थव्यवस्था शांततेला पोषक ठरते. शीतयुद्धाचे हे निदान मगनवाडीतले आहे, आणि ते अजून शिळे झालेले नाही.

तथापि या दोघांना केवळ महासत्तांचे बळी ठरवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. भूदानात चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन मिळाली खरी, पण तिच्यातील पुष्कळशी पडीक किंवा वादग्रस्त निघाली, आणि संकल्प तर पाच कोटी एकरांचा होता. हृदयपरिवर्तनाला कायद्याचा आधार नसेल तर काय होते, ते त्यातून दिसले. कुमारप्पांनी वाखाणलेली चीनमधील जमीनही थोड्याच वर्षांत शेतकऱ्याच्या हातून कम्यूनकडे गेली. १९५८ नंतरच्या 'मोठ्या झेपे'ने तेथे भयंकर दुष्काळ ओढवला. वाटपामागची हिंसा पाहुण्याच्या नजरेला दिसली नाही, हा दोष त्यांच्या पदरी घालावाच लागेल. पण हे दोष त्यांच्याच प्रश्नाच्या कसोटीवर मोजले जावेत, इतकेच आमचे म्हणणे.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधींच्या पुण्यतिथीलाच, कुमारप्पा गेले. विनोबा १९८२ मध्ये पवनारला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघही उरला नाही. पुढे २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि जगभर खतांचे भाव भडकले. बोरच्या खोऱ्यात कपाशी लावणाऱ्याला खताच्या गोणीशी त्या युद्धाचा संबंध कोणी वेगळा समजावून सांगण्याची गरज नसते. त्याचे शेत दूरच्या साठ्यांना बांधले गेले आहे. तुम्ही कोणत्या गोटातले, असे त्याला आता कोणी विचारत नाही. परंतु सेलडोहच्या त्या हिशेबतपासनीसाने विचारलेला प्रश्न मात्र अजून त्याच्या बांधावर उभा आहे: हे ठरवतो कोण?