दशमांश आणि विसावा हिस्सा

पिपरी मेघे येथे पौर्णिमेच्या वंदनेनंतर एका उपासकाने विचारले, “ख्रिस्ती लोक उत्पन्नाचा दहावा भाग धर्माला देतात, बाबासाहेबांनी आपणांस विसावा सांगितला. दोन्ही एकच काय?” प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते.

मराठी बायबलमधील ‘दशमांश’ मूळचा इस्राएल लोकांचा. लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता, उपासनास्थानाची सेवा हेच त्याचे काम. म्हणून इतर वंशांनी त्याला दहावा भाग द्यावा, आणि लेवींनीही त्यातला दहावा याजकांना द्यावा, असे ‘गणना’ या ग्रंथात सांगितले आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथानुसार दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा. त्यावर लेवींबरोबर परके, अनाथ व विधवा यांचाही हक्क. भूमिहीनांच्या पोटाची ही तरतूद होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पुढे तिचे स्वरूप पालटले. इ. स. 585 च्या माकोन येथील धर्मसभेने दशमांश न देणाऱ्यास बहिष्काराचे भय घातले, तर 779 मध्ये शार्लमेन राजाने तो कायद्याने सक्तीचा केला. दान गेले, कर आला. इंग्लंडात सोळाव्या शतकात मठ बरखास्त झाले, तेव्हा अनेक गावांच्या दशमांशाचा हक्क चक्क जमीनदारांनी विकत घेतला! फ्रान्समध्ये 1789 च्या क्रांतीने तो रद्द केला. आज बहुतेक चर्चमध्ये तो स्वेच्छेचा आहे.

दि. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करावा, असे सांगितले. हा दशमांशाचा निम्मा होय. तथापि त्यामागे ना राजाज्ञा, ना ईश्वराचे ऋण. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या धनाचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, एक आपत्काळासाठी. दानाचा वेगळा अंश तेथे नाही. त्यामुळे विसाव्या हिश्श्याचे प्रमाण हे बाबासाहेबांनी काळाची गरज ओळखून घातलेले आहे, असे माझे मत आहे.

उपासकाचा पुढचा प्रश्न अधिक मोलाचा होता: “द्यायचा कोणाच्या हाती?”

येथे चुल्लवग्गातील वैशालीचा प्रसंग आठवतो. परिनिब्बानानंतर शंभर वर्षांनी वज्जिपुत्तक भिक्खू उपोसथाच्या दिवशी काशाच्या पात्रात पाणी भरून ते संघात ठेवीत आणि उपासकांना म्हणत, संघाला कहापण द्या, अर्धा द्या, पाव द्या, निदान मासा तरी द्या. आयुष्मान यश यांनी उपासकांना सांगितले, देऊ नका. उपासकांनी तरीही दिले. भिक्खूंनी रक्कम वाटून घेतली व यशांचाही वाटा काढला. तो त्यांनी नाकारला. उपासकांची क्षमा मागण्याचा दंड त्यांना झाला. ते उपासकांकडे गेले, पण क्षमा मागण्याऐवजी सोने-रुपे भिक्खूला का वर्ज्य, हे त्यांनी बुद्धवचनांच्या आधारे समजावले. तेव्हा उपासक म्हणाले, हे एकटेच खरे श्रमण. पुढे सातशे भिक्खूंच्या संगीतीने यशांचाच पक्ष मान्य केला.