घरचा संगणक : बिघाडाचे निदान, सुधारणा आणि जाणकार सोबत्यांची मदत

घरातील संगणक अचानक बंद पडला, की बहुतेक कुटुंबांत दोन प्रश्न उभे राहतात. तो दुरुस्त होईल का, हा पहिला आणि त्यातील छायाचित्रांचे काय, हा दुसरा. मदरबोर्ड बाजारातून पुन्हा विकत आणता येतो. मुलाच्या बारशाची छायाचित्रे किंवा दहा वर्षांचे घरखर्चाचे हिशेब मात्र बाजारात मिळत नाहीत. त्यामुळे दुरुस्तीचा कोणताही विचार करताना आधी माहिती वाचवायची आणि मग यंत्राकडे वळायचे, हा क्रम पाळणे इष्ट.

अनेक घरांत हा विषय १४ ऑक्टोबर २०२५ नंतर पुन्हा चर्चेत आला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेल्या विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य त्या दिवशी थांबवले. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षाविषयक अद्ययावतीकरणाची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्यात आली. विंडोज ११ साठी मात्र टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. परिणामी २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले, अजून व्यवस्थित चालणारे असंख्य संगणक अधिकृत यादीबाहेर राहिले. यंत्र बिघडलेले नाही, तरी ते 'जुने' ठरले. अशा वेळी दुकानदार नवा संगणक सुचवतो, आणि त्यात त्याचे चुकते असेही नाही. पण त्याआधी एखाद्या अनुभवी वापरकर्त्याचे मत घेतले, तर खर्च पुष्कळदा दहाव्या हिश्श्यावर येतो.

वापरकर्त्यांनी एकमेकांना साहाय्य करण्याची परंपरा घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. सुटे भाग, आराखडे आणि अडचणी घेऊन तेथे हौशी मंडळी जमत. स्टीव्ह वॉझनियाक यांनी आपला पहिला ॲपल संगणक याच मंडळींपुढे मांडला होता. महाराष्ट्रात ही परंपरा 'असेंबल्ड' संगणकाच्या निमित्ताने रुजली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, प्रोसेसर एका दुकानातून, रॅम दुसऱ्या आणि कॅबिनेट तिसऱ्या दुकानातून आणून जोडलेल्या या यंत्राला कोणा एका कंपनीची हमी नसे. प्रत्येक सुट्या भागाची हमी वेगळी आणि पावतीही वेगळी. बिघाड नेमका कशात आहे हे आधी घरीच शोधावे लागे, आणि त्यासाठी सोसायटीतील संगणक कळणाऱ्या मुलाला हाक मारली जाई. पुढे मुंबई-पुण्यातील लिनक्स वापरकर्त्यांच्या गटांनी हीच मदत अधिक शिस्तीने केली. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा या महिला पत्रकाराने सुरू केलेल्या 'रिपेअर कॅफे'चे तत्त्वही वेगळे नाही. वस्तू घेऊन या, जाणकाराशेजारी बसा आणि दुरुस्ती स्वतः पाहा.

अशी मदत मागण्याचीही एक रीत आहे. एरिक रेमंड यांनी २००१ मध्ये 'प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत' या विषयावर लिहिलेला निबंध संगणकक्षेत्रात अजूनही वाचला जातो. त्याचा सूर काहीसा कडक असला, तरी मुद्दा रास्त आहे. 'संगणक चालत नाही' या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. पंखा फिरतो का, पडद्यावर काही उमटते का, बीप ऐकू येते का, आली तर किती वेळा, हे सांगितले तर अर्धे निदान तेथेच होते. पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर त्रुटीचा संदेश आला, तर तो स्मरणाने सांगण्यापेक्षा मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे. सर्वांत मोलाची माहिती मात्र बहुधा लपवली जाते. बिघाडाच्या आधी शेवटचे काय बदलले होते? नवा प्रिंटर, दिवाळीची साफसफाई, रात्री गेलेली वीज, की मुलाने टाकलेला खेळ? रुग्णाने पथ्य मोडल्याचे डॉक्टरांपासून लपवावे, तसाच हा प्रकार असतो.

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तर तपास भिंतीपासून आतल्या दिशेने करावा. आधी सॉकेट, मग यूपीएस, मग एसएमपीएसच्या मागचे बटण. घरगुती यूपीएसमधील १२ व्होल्टची बॅटरी काही वर्षांत थकते. ती थकली, की वीज असूनही यूपीएस भार सोडून देतो आणि दोष संगणकावर येतो. संगणकाची तार थेट भिंतीतील सॉकेटला लावून पाहिले, की हा प्रश्न एका मिनिटात सुटतो. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, ही त्यापुढची नेहमीची तक्रार. वेगळे ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला जोडलेली असणे, हे त्याचे एक हास्यास्पद वाटणारे पण वारंवार आढळणारे कारण आहे. त्यानंतर संशय रॅमवर घ्यावा. संगणकाची वीज पूर्ण तोडून, रॅमची पट्टी काढून पुन्हा खटका बसेपर्यंत दाबून बसवली, की पुष्कळ 'मृत' यंत्रे जिवंत होतात. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर सूक्ष्म थर साचतो. त्या खोडरबराने घासण्याची आपल्याकडील पद्धत सर्वश्रुत आहे. ती उपयोगी पडते. मात्र रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवेच दुखणे सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेले मऊ कापड अधिक बरे.

एवढ्याने भागले नाही, तर जाणकार मंडळी यंत्र किमान अवस्थेला आणतात. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस, एवढेच ठेवायचे. तेवढ्यावर यंत्र सुरू झाले, तर एकेक भाग परत जोडत जायचे. एका वेळी एकच बदल, हा नियम येथे मोडता कामा नये. घाईने तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू लागले, तर दोष कशात होता हे कळतच नाही आणि निर्दोष भागांवर उगाच पैसे जातात. हाताशी दुसरा चालू संगणक असलेला शेजारी येथे दुकानापेक्षा उपयोगी ठरतो. त्याची रॅम या यंत्रात आणि या यंत्राची त्याच्यात लावून पाहिली, की निवाडा होतो. फक्त दोन्ही रॅम एकाच पिढीच्या हव्यात. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांच्या पट्ट्यांवरील खाचा वेगवेगळ्या जागी असतात; जोर लावून बसवण्याचा प्रयत्न केल्यास स्लॉट तुटतो.

उन्हाळ्यात संगणक मधूनच बंद पडत असेल, तर विषाणूंचा शोध घेण्याआधी धूळ पाहावी. प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे गेला, की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता वाढली, तर यंत्र बंद होते. पंख्याखालील पन्हळीदार ॲल्युमिनियमच्या फटी धुळीने बुजलेल्या असतात आणि थर्मल पेस्ट वाळलेली असते. ब्रशने साफसफाई करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

तारीख सतत काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची, तीन व्होल्टची बॅटरी संपलेली असते. हा बिघाड क्षुल्लक. पण त्याची फसवी बाजू अशी, की तारीख चुकली की बँकेची संकेतस्थळे सुरक्षा प्रमाणपत्र अवैध असल्याचे सांगत उघडेनाशी होतात. घरचे लोक इंटरनेट सेवेला दोष देत राहतात आणि खरा दोषी काही रुपयांचा सेल असतो.

हार्ड डिस्कचा विषय अधिक गंभीर आहे. डिस्कमधून ठराविक लयीत टकटक ऐकू येऊ लागली, तर यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. डिस्कचे आरोग्य सांगणारी स्मार्ट नावाची नोंदप्रणाली तिच्यातच असते आणि ती दाखवणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. त्यातील बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे आकडे वाढत असतील, तर डिस्क निवृत्तीच्या वाटेवर आहे. मात्र केवळ सीआरसी त्रुटींचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो. हा फरक माहीत नसल्याने चांगल्या डिस्क भंगारात जातात. खराब होत चाललेल्या डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालवणे हा आणखी एक सार्वत्रिक गैरसमज. त्या आज्ञेने डिस्कवर ताण येतो आणि उरलेली माहितीही जाऊ शकते. आधी नक्कल, मग दुरुस्ती. डिस्कने प्रतिसाद देणेच थांबवले आणि आतील माहिती अमूल्य असेल, तर तेथे शेजाऱ्याने हात आवरून काम व्यावसायिकाकडे सोपवावे.

यंत्र ठणठणीत आहे पण संथ आहे, अशी तक्रार असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करावा, याबद्दल जाणकारांत क्वचितच मतभेद आढळतो. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक टोकाखाली येईपर्यंत सगळा संगणक थांबून राहतो. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने ही प्रतीक्षाच संपते. साटा पद्धतीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत वाचन करते, एनव्हीएमई पद्धतीची त्याच्या कितीतरी पट. जुन्या यंत्राला मात्र साधी साटा एसएसडीही पुरते. एम.२ आकाराची घेण्यापूर्वी आपल्या मदरबोर्डचा स्लॉट साटाचा की एनव्हीएमईचा, हे पाहावे. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्याच असतात आणि येथेच अनेकांची फसगत होते.

त्यानंतर रॅम. चार जीबीवरून आठ जीबीवर गेल्यास फरक डोळ्यांना दिसतो. सोळाच्या पुढे साध्या घरगुती कामात तो फारसा जाणवत नाही. प्रणाली ३२ बिटांची असेल, तर घरगुती विंडोज चार जीबीपलीकडील रॅम वापरूच शकत नाही, हे खरेदीआधी तपासावे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅमचे भाव चढले, तेव्हापासून वापरलेल्या पट्ट्यांची देवघेवही अधिक विचारपूर्वक होऊ लागली. अशी पट्टी घेतल्यावर मेमटेस्ट रात्रभर चालवून पाहावी. प्रोसेसर बदलण्याचा उत्साह मात्र सहसा पदरी निराशाच घालतो. सॉकेट जुळले तरी बायोस जुळेल असे नाही, आणि मिळणारा वेग खर्चाच्या मानाने अल्प असतो.

बायोस अद्ययावत करताना मध्येच वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. भारनियमनाच्या वेळा पाहूनच हे काम हाती घ्यावे. डिस्क कूटबद्ध असल्यास बायोस किंवा मदरबोर्ड बदलताच विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती संकेत मागू शकते. तो आधी कागदावर उतरवलेला नसेल, तर घरच्यांनाच घराची कुलपे उघडेनाशी होतात.

मराठी घरांपुढे आणखी एक अडचण असते आणि बाहेरच्या मार्गदर्शकांत तिचा उल्लेख नसतो. युनिकोड रुळण्यापूर्वी टंकलेखन केलेला मजकूर, मग ती सोसायटीची इतिवृत्ते असोत वा आजोबांचे आत्मचरित्र, विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असतो. प्रणाली बदलली आणि तो फॉन्ट मागेच राहिला, की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गुंताडा दिसतो. काही टंकलेखन प्रणालींना तर प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावायचे हार्डवेअर लॉक लागे आणि ते पोर्ट नव्या यंत्रांत नसते. म्हणून जुना संगणक मोडण्यापूर्वी हे फॉन्ट जपून ठेवावेत, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि जोडाक्षरे, रफार नीट आले आहेत का, हे मूळ प्रतीशी ताडून पाहावे. विंडोजऐवजी लिनक्स वापरण्याचा पर्याय निवडणाऱ्यांना हे काम आधी उरकावेच लागते. त्यापुढे देवनागरी लेखनाला तेथे अडसर नाही. इनस्क्रिप्ट कळफलक बहुतेक वितरणांत असतो.

मदत कोणाकडून घ्यावी, यालाही मर्यादा हवी. समोर बसलेला ओळखीचा माणूस आणि फोनवरून संगणकाचा ताबा मागणारा अनोळखी आवाज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुरून ताबा देणाऱ्या एनीडेस्क या ॲपच्या गैरवापरातून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. ओळखीच्या माणसाकडे यंत्र सोपवतानाही पासवर्ड साठवलेली खाती आधी बंद करावीत. त्यात अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही.

हौशी दुरुस्तीकाराने एसएमपीएसचे झाकण मात्र कधीही उघडू नये. २३० व्होल्टच्या विजेचे आत सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर होते आणि कपॅसिटरमध्ये ती प्लग काढल्यानंतरही काही काळ साठून राहते. लॅपटॉपची फुगलेली बॅटरीही दाबू वा टोचू नये. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून बाद झालेले भाग भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी किंवा तिच्यावर संपूर्ण पुनर्लेखन करावे. नुसत्या फॉरमॅटने माहिती पुसली जात नाही.