विलेपार्ले : एका उपनगराची घडण

उपनगर म्हणजे महानगराची केवळ निवासी पुरवणी, ही समजूत नगरेतिहासाच्या अभ्यासात बरीच रूढ आहे. साष्टीतील विलेपार्ल्याचा इतिहास पाहता ती तपासून घेणे अगत्याचे ठरते.

मुंबईच्या वाढीस बेटाबाहेर वाट मिळण्यास दोन कारणे घडली. १८६७ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची विरारपासून मुंबईपर्यंत गाडी सुरू झाली. पुढे १८९६ च्या प्लेगने शहरातील दाट वस्तीची भीती निर्माण केली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा करण्यात आला आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. कचेरी मुंबईत आणि बिऱ्हाड पार्ल्यात, ही मध्यमवर्गीय जीवनरीती त्यामुळे शक्य झाली.

तथापि रेल्वे वस्ती आणते. समाज घडविते असे नव्हे. पार्ल्यात ते कार्य संस्थांनी केले. लोकमान्य टिळकांचे निधन १९२० साली झाले. त्यांच्या नावाने १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय व १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. निरनिराळ्या गावांहून आलेल्या कुटुंबांना येथे समान ग्रामदैवत वा वतनसंबंध नव्हता; त्याची जागा शाळा, ग्रंथालय व व्याख्यान यांनी घेतली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज व किशोरलाल मश्रूवाला यांच्या पुढाकाराने येथे छावणी उभी राहिली. सार्वजनिक कार्याची सवय जडलेल्या वस्तीत ती उभी राहावी, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

परंतु या चित्रास दुसरी बाजू आहे. नवी वस्ती ओसाड भूमीवर वसली नव्हती. जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती व इतर स्थानिक समाज तिच्या आधीपासून येथे होते. १९२९ मध्ये गोळ्या-चॉकलेटांचा जो कारखाना येथे निघाला, त्यानेच गावाचे नाव देशभर नेले. त्यातील श्रमिकही या गावाचेच घटक होत. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकांचे बालपण पार्ल्यात गेल्याने सुशिक्षित मराठी वस्तीचे पार्ले साहित्यात अमर झाले; गावठाणाला व कारखान्याला तसा लेखक लाभला नाही. लिखित साधनांतील हा असमतोल दृष्टिआड केल्यास संस्थांचा इतिहास हाच गावाचा इतिहास, असा भ्रम होतो.

१९५० साली मुंबई महापालिकेची हद्द वाढली आणि पार्ले तीत समाविष्ट झाले. स्वतंत्र गाव म्हणून असलेले त्याचे प्रशासकीय अस्तित्व संपले. ‘पार्लेकर’ ही ओळख मात्र संपली नाही. २०१६ मध्ये येथील कारखान्यातील उत्पादन थांबले, तरी शाळा व संघ टिकून राहिले. यावरून असे अनुमान काढता येते की, उपनगराचे गावपण नगरपालिकेच्या सीमेवर नव्हे, तर एकत्र येण्याच्या रुळलेल्या ठिकाणांवर अवलंबून असते. त्या ठिकाणांच्या उंबऱ्यात कोणास प्रवेश होता आणि कोण बाहेर राहिले, हा प्रश्न विचारल्याखेरीज मात्र या गावाचा इतिहास पूर्ण होणार नाही.